विश्लेषण : ऑटोमॅटिक कारला गिअर बदलताना झटके का बसतात? हायड्रामॅटिकचे जनक अर्ल थॉम्पसन यांच्या कामातून काय कळते?

सिग्नल सुटतो, पाय ब्रेकवरून अॅक्सिलरेटरवर जातो आणि पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना कार पाठीत धपाटा घातल्यासारखा हिसका देते. ऑटोमॅटिक कार वापरणाऱ्या अनेकांचा हा अनुभव. गॅरेजमध्ये गेल्यावर गिअरबॉक्स खोलावा लागेल असे सांगितले जाते आणि काही गाड्यांत त्याचा खर्च लाखाच्या घरात जातो. पण प्रत्येक झटक्यामागे बिघडलेला गिअरबॉक्स असतो का? हा झटका नेमका येतो कुठून, हे समजून घ्यायचे तर पहिला यशस्वी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घडवणारे अमेरिकी अभियंते अर्ल थॉम्पसन यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते. त्यांनी आयुष्यभर याच एका प्रश्नाचा पाठपुरावा केला.

अर्ल थॉम्पसन कोण होते?

अर्ल अॅव्हरी थॉम्पसन यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेच्या वायव्येकडील ओरेगन राज्यातला. मोटारींचा धंदा तेव्हा डेट्रॉइट शहराभोवती एकवटत होता आणि ओरेगन तिथून हजारो किलोमीटर दूर. तरीही मोटार उद्योगाला दोनदा वळण देणारी कल्पना याच माणसाकडून आली. पहिली सिंक्रोमेश, म्हणजे आजच्या प्रत्येक मॅन्युअल कारमध्ये गिअर खरखर न करता पडण्यामागची यंत्रणा. दुसरी हायड्रामॅटिक, म्हणजे मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

वरवर पाहता या दोन वेगळ्या गोष्टी. पण दोन्हींमागचा प्रश्न एकच होता : वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग धक्का न बसता एकमेकांना जोडायचे कसे?

सिंक्रोमेशची गरज का पडली?

सुरुवातीच्या मोटारींत गिअर बदलणे हे कसबाचे काम होते. इंजिनाकडून येणारा गिअर एका गतीने फिरत असतो, चाकांशी जोडलेला दुसऱ्या गतीने. दोन्हींची गती जुळण्याआधी त्यांना एकमेकांत ढकलले तर दात दातांवर घासतात, कर्कश आवाज होतो आणि दात तुटूही शकतात. त्यावर उपाय होता डबल क्लचचा. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून अॅक्सिलरेटरने इंजिनाची गती अंदाजाने जुळवायची, मग पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. आपल्याकडे जुने ट्रक चालवलेल्या चालकांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे.

थॉम्पसन यांनी ही जबाबदारी चालकाच्या कानाकडून काढून यंत्राकडे दिली. गिअरचे दात एकमेकांत अडकण्याआधी दोन शंकूसारखे पृष्ठभाग एकमेकांवर घासतील, त्या घर्षणाने दोन्ही भागांची गती सारखी होईल आणि मगच दात अडकतील, अशी ही रचना. १९२२ साली त्यांच्या नावावर पेटंट होते. डेट्रॉइटला ही कल्पना पटायला मात्र काही वर्षे गेली. अखेर जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागाने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले, अनेक चाचण्या झाल्या आणि १९२८ साली कॅडिलॅक आणि तिची धाकटी भावंडे असलेल्या लासाल मोटारींत सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आला. सुरुवातीला ही सोय फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरपुरती होती.

या शोधाने थॉम्पसन यांना एक गोष्ट पक्की शिकवली. धक्का हा भागांच्या ताकदीचा प्रश्न नसून वेळेचा प्रश्न आहे. जोडणी योग्य क्षणी झाली तर नाजूक भागही टिकतो, चुकीच्या क्षणी झाली तर मजबूत भागही तुटतो.

पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कल्पना कुठून आली?

गिअर आपोआप बदलावेत यासाठीचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच चालू होते. बोस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास फिरत्या वजनांच्या जोरावर गिअर बदलणारी मोटार बनवली होती, पण ती टिकली नाही. जर्मनीत हर्मान फोटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी तेलामार्फत शक्ती पोहोचवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. पंख्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला तर हवेच्या झोताने तोही फिरू लागतो. तसेच इथे, फक्त हवेऐवजी तेल. ब्रिटनमध्ये डेमलर कंपनीने १९३० साली असे फ्लुइड कपलिंग मोटारीत बसवले, पण तिथे पुढचा गिअर कोणता हे चालकालाच ठरवावे लागत असे.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत महामंदी असताना, थॉम्पसन यांनी कॅडिलॅकमध्ये मोजके अभियंते घेऊन हे काम हाती घेतले. पुढे हा गट जनरल मोटर्सच्या मध्यवर्ती अभियांत्रिकी विभागात गेला. ऑलिव्हर केली, वॉल्टर हर्नडन, विल्यम कार्नेगी, राल्फ बेक, मॉरिस रोझेनबर्गर हे त्यातले प्रमुख सहकारी.

या गटाने प्लॅनेटरी गिअर निवडले. मध्ये एक गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे गिअर आणि बाहेरून दात असलेले कडे, अशी ही रचना. यातले दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. कोणता भाग धरून ठेवायचा आणि कोणता सोडायचा यावर गिअर ठरतो. धरून ठेवण्यासाठी बँड, म्हणजे ड्रमभोवती आवळला जाणारा ब्रेकचा पट्टा, आणि दोन भाग एकमेकांशी जोडण्यासाठी अनेक चकत्यांचा क्लच. हे सगळे हलवणारे बळ तेलाच्या दाबाचे.

पहिली पायरी १९३७ साली ओल्डस्मोबिलमध्ये आली. ऑटोमॅटिक सेफ्टी ट्रान्समिशन नावाच्या या गिअरबॉक्समध्ये गाडी सुटताना आणि थांबताना क्लच दाबावा लागे, बाकीचे काही गिअर तेलाच्या दाबाने आपोआप बदलत. ब्युइकने १९३८ मध्ये तो थोडा काळ वापरून सोडून दिला. दोन वर्षांनी क्लचच्या पेडलचीही गरज उरली नाही. त्या जागी फ्लुइड कपलिंग आले आणि १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारींवर हायड्रामॅटिक हा पर्याय सुमारे ५७ डॉलर जादा किमतीत देण्यात आला.

हायड्रामॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा हे कोण ठरवत असे?

त्या काळी ना संगणक होता ना सेन्सर. निर्णय दोन दाबांच्या झुंजीतून होत असे. गाडीच्या वेगासोबत फिरणाऱ्या गव्हर्नरमुळे एक तेलाचा दाब तयार होई. वेग वाढला की हा दाब वाढे आणि वरच्या गिअरकडे ढकले. दुसरा दाब अॅक्सिलरेटरला जोडलेल्या दांडीमुळे तयार होई. पाय जास्त दाबला की हा दाब वाढे आणि खालचाच गिअर धरून ठेवे. व्हॉल्व्ह बॉडी या भागात छोट्या व्हॉल्व्हच्या दोन बाजूंना हे दोन दाब येत आणि जो जिंकेल त्याप्रमाणे व्हॉल्व्ह सरके.

म्हणूनच त्या दांडीचे माप थोडे जरी चुकले तरी गिअर अवेळी पडे. मेकॅनिकचे पहिले काम गिअरबॉक्स खोलणे हे नसून दांडीचे आणि बँडचे माप तपासणे हे असे.

मग हायड्रामॅटिकमध्येही झटके का बसत?

हायड्रामॅटिकचे चार गिअर दोन प्लॅनेटरी संचांच्या मेळातून मिळत. पहिल्या गिअरला दोन्ही संच गती कमी करत. दुसऱ्याला पुढचा संच थेट जोडलेला, मागचा गती कमी करणारा. तिसऱ्याला नेमके उलट. चौथ्याला दोन्ही थेट.

अडचण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना. तेव्हा पुढच्या संचाचा क्लच सुटायचा, त्याचा बँड आवळायचा, मागच्या संचाचा बँड सुटायचा आणि त्याचा क्लच धरायचा. चार कामे, आणि सगळी जवळपास एकाच क्षणी.

भरलेला हंडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देण्यासारखे हे आहे. पहिल्याने आधीच सोडला तर हंडा निसटतो. दोघांनी एकाच वेळी घट्ट धरला तर ओढाताण होते आणि पाणी सांडते. गिअरबॉक्समध्ये निसटणे म्हणजे दोन गिअरच्या मध्ये इंजिनाचा आवाज अचानक चढणे. ओढाताण म्हणजे झटका.

हायड्रामॅटिकचा हा बदल प्रवाशाला जाणवत असे. तो पूर्णपणे मऊ करायला अभियंत्यांना आणखी बरीच वर्षे लागली. १९५६ मध्ये आलेल्या सुधारित हायड्रामॅटिकमध्ये पुढच्या क्लचच्या जागी तेलाने भरणारे आणि रिकामे होणारे छोटे फ्लुइड कपलिंग बसवले गेले. बँडची काही कामे एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचकडे गेली. असा क्लच योग्य क्षणी स्वतःच सुटतो, त्याला कोणी वेळ सांगावी लागत नाही. धक्का बराच कमी झाला, मात्र गिअरबॉक्स गुंतागुंतीचा झाला.

हा गिअरबॉक्स कितपत यशस्वी ठरला?

थॉम्पसन यांनी हायड्रामॅटिक बाजारात येताच, १९४० मध्ये जनरल मोटर्स सोडली आणि स्वतःचा उद्योग उभारला. त्यांचे यंत्र मात्र पुढे जात राहिले. १९४१ पासून कॅडिलॅकमध्ये ते मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम ५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि त्यांच्यासोबत दोन हायड्रामॅटिक गिअरबॉक्स होते. रणगाड्यात टिकलेला गिअरबॉक्स शहरातल्या रस्त्यावर टिकेल, याबद्दल युद्धानंतर फारशी शंका उरली नाही.

त्यानंतर पाँटियाकने तो घेतला. फोर्डच्या लिंकन विभागाने १९४९ पासून प्रतिस्पर्धी कंपनीचा हा गिअरबॉक्स विकत घेऊन वापरला. नॅश, हडसन, कायझर या कंपन्याही ग्राहक होत्या. ब्रिटनमधील रोल्स रॉइसने परवाना घेऊन तो स्वतः बनवला. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत जळून खाक झाला, तेव्हा उत्पादन चालू ठेवण्यासाठी कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिलला काही काळ ब्युइकचे डायनाफ्लो गिअरबॉक्स वापरावे लागले.

१९६३ साली वाहतूक क्षेत्रातील अभियांत्रिकीसाठीचा एल्मर स्पेरी पुरस्कार थॉम्पसन यांना मिळाला. केली, हर्नडन, कार्नेगी, बेक आणि रोझेनबर्गर या सहकाऱ्यांचाही त्यात सन्मान झाला. १९६७ मध्ये थॉम्पसन यांचे निधन झाले.

आजच्या कारमध्ये काय बदलले?

गव्हर्नर आणि दांडीची जागा संगणकाने घेतली. वेग, इंजिनावरचा भार, तेलाचे तापमान हे सेन्सर सांगतात. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, तेलाचा दाब कमी-जास्त करतात. फ्लुइड कपलिंगच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आला. पण आत अजूनही प्लॅनेटरी गिअर, क्लचच्या चकत्या आणि तेलाचा दाबच आहे. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. हंडा अजूनही हातातून हातात जातो.

यात एक तडजोडही आहे. क्लच खूप हळू धरला तर गिअर लोण्यासारखा पडतो, पण चकत्या जास्त वेळ घासतात, तापतात आणि जळतात. खूप झटकन धरला तर चकत्या वाचतात, पण झटका बसतो. म्हणून काही बिघाड जाणवला की अनेक गाड्यांचा संगणक मुद्दाम दाब वाढवतो आणि गाडी एखाद्या ठरावीक गिअरमध्ये अडकवून ठेवतो. अशा वेळचा झटका हा गिअरबॉक्स वाचवण्याचा उपाय असतो. डॅशबोर्डवरचा दिवा लागला असेल तर तो आधी याच दृष्टीने पाहायला हवा.

झटका बसत असेल तर तपासणी कुठून सुरू करावी?

आधी नोंद करा. झटका पार्किंगमधून डी किंवा आर टाकताना बसतो की चालत्या गाडीत? ठरावीक दोन गिअरच्या मध्येच की सगळीकडे? सकाळी थंड गाडीत की तापल्यावर? एकाच ठिकाणी बसणारा झटका एखाद्या क्लचकडे किंवा सोलेनॉइडकडे बोट दाखवतो. सगळीकडे बसणारा झटका तेल, दाब किंवा सेन्सरकडे.

तेल पाहा. गिअरबॉक्सचे तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि दाब डळमळतो. पातळी कशी तपासायची हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक नव्या गाड्यांत काडीच नसते, तिथे ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट उघडून पातळी पाहिली जाते, त्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तेल काळपट असेल आणि जळका वास येत असेल तर चकत्या घासल्याची ती खूण आहे. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल हवे. चुकीच्या तेलाने चकत्यांचे घर्षण बदलते आणि चांगला गिअरबॉक्सही थरथरू लागतो.

गिअरबॉक्सबाहेरचे भाग तपासा. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांवर बसवलेले असतात ती रबरी माउंटिंग फाटली तर डी किंवा आर टाकताच धाडकन आवाज येतो. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे जॉइंट झिजले तरी तसेच होते. इंजिनाची आयडल गती जास्त असली तरी गिअर जोरात पडतो. हे सगळे गिअरबॉक्सच्या तुलनेत स्वस्तातले दोष, पण त्यांचा आळ गिअरबॉक्सवर येतो.

स्कॅनर लावून घ्या. इंजिनाकडे जाणारी हवा मोजणारा किंवा थ्रॉटलचा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, तर संगणकाला भार जास्त वाटतो आणि तो दाब वाढवतो. हायड्रामॅटिकच्या दांडीचे माप चुकण्याचाच हा आजचा अवतार. संगणकात नोंदलेले कोड, तेलाचे तापमान आणि वेगाच्या सेन्सरचे आकडे यांची प्रत मागून घ्या.

संगणकाची सवय पुन्हा लावा. चकत्या झिजत जातात तसा संगणक दाबाचा हिशेब बदलत राहतो. बॅटरी काढल्यावर, तेल बदलल्यावर किंवा एखादा भाग बदलल्यावर हा जुना हिशेब चुकू शकतो. अनेक गाड्यांत तो पुसून ठरावीक पद्धतीने गाडी चालवून पुन्हा शिकवावा लागतो. कंपनीने सॉफ्टवेअर सुधारले असेल तर तेही याच वेळी टाकता येते.

त्यानंतर दाब मोजा. एवढ्यावरही झटका राहिला तर गेज लावून तेलाचा दाब मोजणे, सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी तपासणे ही पुढची पायरी. पूर्ण गिअरबॉक्स खोलणे ही शेवटची.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

झटक्यापेक्षा निसटणे जास्त गंभीर. अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी तेवढी पळत नाही, डी टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, किंवा तेल गळत आहे, अशा वेळी गाडी चालवत राहिल्यास चकत्या जळतात. तेव्हा गाडी टो करून नेणे स्वस्त पडते.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना हेच लागू होते का?

नाही. आपल्याकडच्या अनेक परवडणाऱ्या मोटारींत एएमटी असतो. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच आणि गिअरची दांडी यंत्र हलवते. गिअर बदलताना क्लच सुटतो तेवढा क्षण चाकांकडे शक्ती जात नाही, म्हणून गाडी किंचित डोलते. हा दोष नसून रचनेचा भाग आहे. गिअर बदलताना अॅक्सिलरेटर थोडा हलका केला की तो कमी जाणवतो. पण आधी नसलेला झटका नव्याने सुरू झाला, तर क्लचची झीज आणि त्याचे कॅलिब्रेशन तपासावे लागते. गंमत म्हणजे या गिअरबॉक्समध्ये गिअर खरखर न करता पडतात ते थॉम्पसन यांच्या सिंक्रोमेशच्या तत्त्वावरच.

डीसीटीमध्ये दोन क्लच असतात आणि ट्रॅफिकमध्ये हळू सरकताना ते तापल्याने धक्के जाणवू शकतात. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, तिथे थरथर जाणवली तर तेल, पट्टा आणि पुली यांच्याकडे पाहावे लागते. त्यामुळे गॅरेजमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे हा असावा. दुसरा प्रश्न, खोलण्याआधी काय काय मोजले, हा.